पंचवीस फूट

अबर्डीनच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावरच्या बोळात
जमिनीला दोन पिवळ्या पट्ट्या चिकटवलेल्या आहेत.
मधलं अंतर पंचवीस फूट.
माझी नोकरी एवढीच:
माणसं या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत चालतात
आणि मी घड्याळ दाबते.

विचारायचं नाही, असा नियम.
झोप लागते का, सुई टोचली तिथे दुखतं का,
पायांतल्या मुंग्या परतल्या का वारुळात,
काहीच नाही.
कुणाच्या शिरेत औषध जातंय, कुणाच्या नुसतं पाणी,
ते त्यांना ठाऊक नाही, मलाही नाही.
एक यादी आहे कुठेतरी, कुलपात.
माझ्या तोंडून चुकून निघालेलं "वा!" सुद्धा
आकड्यांना बाटवू शकतं.

मेरन इस्बिस्टर वेस्ट्रे बेटावरून यायची.
आधी छोटी बोट, मग रात्रभर मोठी,
सकाळी सातला बंदरात.
अंगाला डिझेलचा वास, आणि ओल्या लोकरीचा.
खेकड्यांचे पिंजरे विणणारे हात,
त्यांना मी नऊ खुंट्या देई:
नऊ भोकांत बसवा, काढा.
आता डाव्या हाताने.

पहिल्या खेपेला बावीस सेकंद.
दुसऱ्या हिवाळ्यात एकेचाळीस, आणि एक खुंटी निसटली,
घरंगळत कपाटाखाली गेली.
आम्ही दोघी गुडघ्यांवर,
धुळीत हात घालून शोधतोय.
"ही वेळ धरणार?"
"नाही."
दोन वर्षांत याहून लांब बोलणं झालं नाही आमचं.

चालताना ती भिंतीकडे बघायची नाही.
भिंतीला हात लावला तर कागदावर लिहावं लागतं, हे तिला कळलं होतं.
डावा पाऊल फरपटायचा,
ओल्या वाळूवर दोर ओढल्यासारखा आवाज.
मी चेहऱ्याचा दगड करून उभी.
सहा सेकंद. आठ. पुढे साडेअकरा.

मग यादी उघडली.
शेवटच्या भेटीला ती पत्र घेऊनच आली.
"मीठपाणी," म्हणाली, आणि हसली,
इतकी की काठी निसटली.
"जन्मभर चारी बाजूंनी तेच बघतेय मी.
आणि तुम्ही रात्रभर बोटीतून बोलावून
तेच घातलंत होय शिरेत?"

मी काठी उचलून दिली.
"बाकीची सावरली म्हणता. कशावरून?"
"तुमच्यावरून."
"म्हणजे माझ्या घसरण्यावरून."
"हो."

ती पिवळ्या पट्टीकडे बघत राहिली.
"आमच्या धक्क्याच्या भिंतीवर भरतीची खूण आहे.
आज्याने रंगवलेली.
तिच्याकडे बघून बोटी निघतात."
मला वाटलं, झालं, समजूत पटली हिची.
तेवढ्यात म्हणाली,
"मला पण खूण नव्हतं व्हायचं.
मला बोट व्हायचं होतं."

यावर छापील माहितीपत्रकात उत्तर नाही.
खरं औषध तिला आता मिळेल, वसंतात, बहुधा;
ते मी सांगितलं, ती मान हलवत राहिली.
मग मी विचारलं, "कशी आहेस गं?"
दोन वर्षं वापरला नव्हता तो प्रश्न,
कुलपासारखा गंजलेला.

तिने सांगितलं.
मुलगी ओझी उचलू देत नाही याचा राग,
उकडलेल्या अंड्याचं कवच बोटांना कळत नाही,
रात्री मांडी जळते आणि पांघरूण थंडगार,
आणि अवघड जागेच्या काही गोष्टी,
ज्या कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.
मी काहीही लिहिलं नाही.

पाच वाजता ती निघाली,
भिंतीला खुशाल हात टेकत.
तिने पहिली पट्टी ओलांडली आणि माझा अंगठा
सवयीने दाबला गेला.
दुसरी पट्टी मी बघितलीच नाही.

घरी कोट टांगताना खिशात घड्याळ सापडलं, चालूच.
दोन तास, चार मिनिटं.
म्हणजे एव्हाना बोट सुटली असेल.